मल्लिनाथअप्पांचा हेडफोन

मुरुमच्या बाजारपेठेतून महादेवाच्या देवळाकडं वळलं की आधी ताज्या पिठाचा वास येतो, मग गिरणीची घरघर आणि मग मल्लिनाथअप्पांचा आवाज. अप्पा नुसतं "बसा" म्हणाले तरी शेजारच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक दचकून मागं बघतं. ज्याचा उभा जन्म पट्ट्याच्या आणि दगडाच्या आवाजात गेला, त्याला हळू बोलणं कसं जमणार? बायका डबा ठेवून जाताना "ज्वारी बारीक दळा" हे ओरडून सांगतात आणि अप्पा "व्हय" हेही ओरडूनच म्हणतात. पाहुण्याला वाटतं भांडण चाललंय. मुरुमच्या माणसाला काहीच वाटत नाही.

याच माणसाच्या हातात पेटी दिली की तो निराळाच होतो. महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन असतं, थोडं मराठी, थोडं कानडी, पुढं पुरुष, मागं बायकांची रांग, आणि पेटीवर बसणार मल्लिनाथअप्पा. मिशीला सुद्धा पीठ लागलेला हा गडी डोळे मिटून भाता मारायला लागला की म्हातारी माणसं गुडघ्यावर ताल धरतात. अप्पांना शाळा फार झाली नाही, शेतही बेताचंच. स्वतःचं म्हणून त्यांनी जे कमावलं ते हे दोनच, गिरणी आणि पेटी. त्यातली गिरणी पोटाची होती. पेटी जिवाची.

त्यांची ऐकायची वेळ मात्र मोठी मजेशीर. इतरांकडं लाइट गेली की कपाळाला आठ्या पडतात. अप्पांकडं लाइट गेली की पट्टा थांबतो, दगड थांबतो आणि गिरणीत अशी काही शांतता उतरते की भिंतीवरची पालसुद्धा ऐकू यावी. मग अप्पा ज्वारीच्या पोत्यावर टेकतात, मोबाइल कानाशी धरतात आणि मागल्या सप्ताहातलं भजन ऐकतात. लाइट आली की मोबाइल खिशात.

दिवाळीला पुण्याहून आलेल्या सोमेशनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, हे बघितलं. मोबाइलच्या त्या टिचभर स्पीकरवर बाप मान वाकडी करून ऐकतोय, हे काही त्याला बघवलं नाही. गुढीपाडव्याला तो आला तो एक मोठा काळा खोका घेऊन. आत मऊ गाद्यांचा, जाड वायरीचा हेडफोन. कंपनीतल्या एका मित्राला आवाजाचं वेड होतं, त्याच्या घरी सोमेशनं अगदी असाच हेडफोन ऐकला होता आणि ऐकताना त्याला बापाचीच आठवण झाली होती.

महानंदानं, सोमेशच्या आईनं, त्याच्या अव्वानं, आधी त्या हेडफोनची पूजा केली. घरात नवी मोटार येवो नाहीतर नवी कात्री, हळदीकुंकू लागल्याशिवाय ती वापरात येत नाही. हेडफोनलाही दोन्ही गाद्यांवर बोट टेकलं गेलं, नारळ फुटला आणि मग तो अप्पांच्या डोक्यावर चढला. सोमेशनं भजन लावलं.

अप्पांना आवाज आला, पण कसा? शेजारच्या गावातलं लग्न आपल्या गच्चीवरून ऐकावं तसा. सोमेशनं आवाज पुरता वाढवला. तरी तेच. पेटी आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. अप्पांनी वर बघितलं तर सोमेश त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसला होता, लहानपणी परीक्षेचा निकाल दाखवताना बसायचा तसाच.

"लई भारी हाय," अप्पा म्हणाले.

पोराचा चेहरा असा उजळला की अप्पांना पुढं काही बोलवेना. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेलाही.

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुणाच्या लेकरानं कमावून घरात काही आणलं, तर आल्यागेल्याला ते दाखवायचं असतं आणि आल्यागेल्यानं त्याला नावं ठेवायची नसतात. लेकानं आणलेलं लुगडं जाळीसारखं विरळ असलं तरी "पोत झकास हाय" असंच म्हणायचं. यात खोटेपणा कुणी मानत नाही. वस्तू कौतुकाची नसतेच, लेकरू कौतुकाचं असतं.

तर हेडफोन दाखवला जाऊ लागला. किराणा दुकानदार महालिंगप्पा आले, त्यांच्या डोक्यावर तो चढवला. अप्पांनी गाणं लावायच्या आधीच महालिंगप्पांची मान डोलायला लागली होती, पण ते अप्पांच्या ध्यानात आलं नाही. "वा वा, देवळात बसल्यागत वाटतंय," महालिंगप्पा म्हणाले. मग बिरदेव आला. हा भजनातच टाळ धरणारा, थोडीफार पेटीही शिकलेला, अप्पांना मामा म्हणणारा. त्यानं तर डोळेच मिटले. "मामा, बेस काय घुमतोय, कमाल हाय," असं म्हणून त्यानं मनगटावरचे उभे राहिलेले केस दाखवले. ते पंख्याच्या वाऱ्यानं उभे राहिले असावेत. शेवटी महानंदानं ऐकलं. ती म्हणाली, "छान हाय की." तिच्या सोमेशनं आणलं होतं, ती दुसरं काय म्हणणार?

आणि इथंच अप्पा विचारात पडले. ज्याला त्याला ऐकू येतंय, देवळात बसल्यासारखं ऐकू येतंय, बेस घुमतोय. मग आपल्यालाच तेवढं येत नाही, याचा अर्थ काय? अर्थ एकच. गिरणीनं कान खाल्ले.

एकदा असली शंका मनात शिरली की पुरावे आपल्या पायानं चालत येतात. महानंदानं जेवायला हाक मारली आणि अप्पांना ऐकू गेली नाही. त्या वेळी गिरणी चालू होती, हे त्यांनी जमेलाच धरलं नाही. फोनवर सोमेशचं बोलणं तुटक आलं, त्याचंही खापर कानांवर फुटलं. डॉक्टरकडं जायचं धाडस होईना. डॉक्टरनं खरंच सांगितलं तर? भजनात ते पेटी जरा जास्तच दाबून वाजवू लागले आणि सूर बरोबर लागलाय का हे कानाऐवजी लोकांच्या तोंडाकडं बघून ताडू लागले. लोक नेहमीसारखेच डोलत होते. पण आता अप्पांना त्यांच्या डोलण्याचाही भरवसा वाटेना. बहिऱ्या म्हाताऱ्याला कोण कशाला तोंडावर सांगेल?

शेवटी त्यांनी ठरवलं. श्रावण लागायच्या आधीच्या सोमवारी पेटी बिरदेवच्या हवाली करायची. बेसूर होऊन उतरण्यापेक्षा सुरात असताना उठलेलं बरं. त्यांनी बाजारातून एक शेला आणला, नारळ आणला आणि दोन्ही देवघराशेजारी ठेवून दिलं. भजनी मंडळातल्या लोकांना गुडघ्याचं कारण सांगितलं. महानंदानं खोदून विचारलं तेव्हा तिला मात्र खरं सांगितलं, की कान गेले. त्या दिवशी तिनं आमटीत मीठ दोनदा घातलं आणि अप्पांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

त्याच आठवड्यात शरणम्माक्का आल्या. या महानंदाच्या थोरल्या बहीण, दिलेल्या आळंदकडं, म्हणजे हद्दीपलीकडं कर्नाटकात. बाई तोंडाच्या फटकळ. त्यांना एकदा नात्यातला होणारा जावई दाखवायला नेलं तर त्या जावयाच्या तोंडावर "दात पुढं हायत" असं म्हणून आल्या होत्या, आणि ते लग्न झालं, सुखाचंही झालं. नातेवाईक त्यांना वचकून असतात. महानंदाही असते. तरीही रीत म्हणजे रीत. चहा झाल्यावर तिनं कपाटातून हेडफोन काढला आणि अक्कांच्या डोक्यावर घातला. अप्पांनी भजन लावलं आणि कौतुकाचे दोन शब्द ऐकायला, सवयीनं, जरा बाजूला बघितलं.

अक्कांनी दोन्ही गाद्या कानांवर दाबून बघितल्या. मग त्यांनी एका हातानं हेडफोन काढला, गादीवरचं वाळकं कुंकू नखानं खरवडलं आणि म्हणाल्या, "एनू केळसंगिल्ल." मग मराठीत, जणू पोराच्या वस्तूचा निकाल दोन भाषांत लावायचा होता, "कायच ऐकू येत न्हाय."

महानंदानं त्यांना कोपरानं ढोसलं. अक्कांनी कोपर बाजूला सारलं. अप्पा मात्र जागचे उठले.

"अक्का, तुमाला बी न्हाय?"

"मला बी म्हंजी? आणि कुणाला न्हाय?"

अप्पा महानंदाकडं बघायला लागले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जमिनीकडं बघत म्हणाली, की तिलाही धड आलं नव्हतं. तिला वाटलं आपल्याला ह्यातलं कळत नाही. आणि सोमेशनं एवढ्या हौसेनं आणलेलं.

शरणम्माक्कांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. सगळी हकिगत, शेल्यानारळासकट, त्यांनी काढून घेतली. मग म्हणाल्या, "पाव्हणं, तुमी वस्तू वाईट म्हणायला भ्यालासा आणि कान वाईट म्हणून बसलासा." एवढं बोलून त्यांनी अप्पांचाच मोबाइल उचलला आणि सोमेशला लावला. तुझा हेडफोन मुका आहे आणि तुझा बाप त्यापायी पेटी सोडायला निघालाय, हे त्यांनी एका दमात सांगितलं. मग सोमेशनं विचारलं, की अप्पांनी मला का नाही सांगितलं? अक्कांनी मोबाइल सरळ अप्पांच्या कानाशी धरला.

सोमेशनं मित्राला गाठलं तेव्हा उलगडा झाला. मित्राच्या घरी हेडफोन आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक डब्यासारखं यंत्र होतं, ते सोमेशनं बघितलं होतं, पण शोभेचं समजलं होतं. तो होता हेडफोनचा अॅम्प्लिफायर, आवाजाला जोर देणारा. तो नसेल तर हा हेडफोन मोबाइलला जुमानत नाही.

हे कळताच बिरदेव मोटरसायकलवर भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर घेऊन हजर झाला, ज्यावर देवळाच्या शिखरावरचे दोन भोंगे वाजतात तो. त्याला मान वर करून अप्पांकडं बघवत नव्हतं, आणि घुमलेल्या बेसची भरपाई त्याला कशानं तरी करायची होती. वायर नेमकी कुठं खुपसायची हे विचारायला त्यांनी उमरग्याच्या गोरोबाला फोन केला, कारण ते धूड दरवर्षी तोच दुरुस्त करायचा. गोरोबा फोनवरच किंचाळला. त्या भोंग्याच्या जोरानं हेडफोन जळेल आणि हेडफोन वाचला तर कान जातील, कशालाही हात लावू नका, वस्तू घेऊन माझ्याकडं या, असं त्यानं बजावलं. म्हणजे जे कान गेले नव्हते, ते त्या दिवशी जायचे थोडक्यात वाचले.

शनिवारी सोमेश आला. येताना मित्राकडून दोन अॅम्प्लिफायर पारखायला घेऊन आला आणि बापलेक उमरग्याला गेले. आधी सोमेशनं अप्पांना कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या आणि गिरणीच्या मानानं कान चांगले आहेत, अगदी बारीक आवाज थोडे कमी झालेत, पण पेटी वाजवायला कसलीच अडचण नाही. गिरणीत कानात बोळे घाला आणि काहीही ऐका, पण मोठ्यानं ऐकू नका. अप्पांनी डॉक्टरांना हात जोडले. डॉक्टरांनी काहीच केलं नव्हतं, तरी जोडले.

मग गोरोबाचं दुकान. गोरोबानं हेडफोन उलटासुलटा बघितला आणि अप्पांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, की हे जातं मोठं आहे आणि मोबाइलची मोटर लहान. मोटर गुरगुरते, पण दगड काही फिरत नाही. अप्पांना ते झटक्यात कळलं. त्यांनी विचारलं, मग मोठी मोटर लावली की पीठ जास्त पडेल? गोरोबा म्हणाला, "जास्त न्हाय अप्पा, नीट पडंल. आवाज वाढवायचा न्हाय, मोकळा करायचा."

बिरदेवनं मोबाइलवर घेतलेलं मागच्या सप्ताहातलं भजन ऐकायचं ठरलं. गोरोबानं व्हॉट्सअॅपवरून हिंडून आलेलं ऐकायला नकार दिला, त्यात आवाजाचा भुगा झालेला असतो म्हणे. बिरदेवकडून मूळचं मागवून घेतलं. अप्पांची टोपी गादीखाली येत होती, ती वर सरकवून गाद्या कानाभोवती नीट बसवल्या. एवढ्यानंही फरक पडतो, हे अप्पांना नवीनच होतं.

पहिला अॅम्प्लिफायर गोरोबाच्या दुकानातलाच. त्याच्यावर पेटी ढोलासारखी वाजली आणि टाळ बुडाले. अप्पांनी हात हलवून तो बंद करायला लावला. दुसरा सोमेशनं आणलेला, टेबलावर ठेवायचा, चांगला वजनदार. गोरोबानं आवाजाचं बटण पार खाली आणलं आणि मग हलके हलके वर नेलं.

पेटी समोर होती, टाळ उजवीकडं होते, पखवाजावरची थाप जिथं पडायची तिथंच पडत होती. स्वतःच्या हाताखालचा भाता त्यांना श्वास घेतल्यासारखा ऐकू येत होता. सोमेश पुन्हा त्यांच्या तोंडाकडं बघत बसला होता, आणि या खेपेला त्याला विचारायची गरज पडली नाही. पण मग अप्पांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बोटानं खूण करून भजन मागं न्यायला लावलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं न्यायला लावलं.

सगळ्या आवाजांच्या मागं, बायकांच्या रांगेतून, एक आवाज येत होता. बारीक, पण न हलणारा. पुरुषांचा कोरस श्वासासाठी तुटायचा तिथं तो आवाज सूर धरून ठेवायचा आणि कोरस परत आला की मागं सरायचा. इतकी वर्षं भजन जिथं तुटायला हवं होतं तिथं तुटत नव्हतं, आणि ते आपल्या पेटीमुळं, अशी अप्पांची समजूत होती.

"काय झालं, अप्पा?" सोमेशनं विचारलं.

अप्पांनी हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. "तुझी अव्वा हाय ही," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू बोलले असतील. गोरोबा उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला.

सोमेशला तोच वजनदार अॅम्प्लिफायर घ्यायचा होता. अप्पांनी फक्त एक विचारलं, लाइट गेल्यावर हा चालतो का? गोरोबा म्हणाला, नाही, याला लाइट लागते. सोमेश म्हणाला, इन्व्हर्टर बसवू. अप्पा हसले. "अरे, लाइट असली की माझी गिरणी चालू असती. लाइट गेल्यावरच माझे कान मोकळे व्हतात."

राहिला तिसरा, सोमेशनंच आणलेला, सुपारीच्या डबीएवढा, बॅटरीवर चालणारा, मोबाइलला जोडून खिशात घालायचा. मोठ्याइतका ऐसपैस नव्हता, पण आवाज स्वच्छ होता. अप्पांनी तो पारखला एकाच गोष्टीवर. भजन त्याच जागी नेलं, डोळे मिटले आणि महानंदा ऐकू येते का बघितलं. आली. "हाच ठेवू," ते सोमेशला म्हणाले.

परतीच्या वाटेवर सोमेश म्हणाला, की मी नीट चौकशी न करता आणलं, माझंच चुकलं. अप्पांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. त्यांना खरंच कुणाचा राग आला नव्हता. महालिंगप्पांचा नाही, बिरदेवचा तर नाहीच. मंडळी खोटं बोलली ती आपल्या पोराचा मान राखायला, आणि अख्ख्या पेठेनं ज्याच्या पोराचा मान राखावा असा आपण कोण लागून गेलो, असंच त्यांना वाटत राहिलं. आणि पोरानं तो हेडफोन आणलाच नसता तर? तर अप्पा आणखी दहा वर्षं आपल्याच पेटीवर खूश राहिले असते.

सोमवार आला. मुक्काम वाढवलेल्या शरणम्माक्काही देवळात आल्या. अप्पांनी आधी बिरदेवला जवळ बोलावलं. बिरदेवला वाटलं आता बोलणी बसणार. तो आपणहून म्हणाला, "मामा, म्या बी कायच ऐकलं नव्हतं." अप्पा म्हणाले, ठाऊक आहे, आणि इथून पुढं एक भजन तू वाजवायचं, एक मी. मग त्यांनी तो शेला आणि नारळ उचलला आणि सगळ्यांच्या देखत शरणम्माक्कांच्या हातात ठेवला. अक्कांनी शेल्याचा पोत चिमटीत धरून बघितला. "बरा हाय," अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

त्या दिवशी अप्पांनी पेटी तिरपी मांडली, बायकांच्या रांगेकडं पाठ येणार नाही अशी. भाता हलका मारला. कोरस तुटायच्या जागी त्यांनी बोटं नुसती टेकवून ठेवली, आणि तो आवाज आला, हेडफोनशिवाय, अगदी समोरून. महानंदा डोळे मिटून गात होती. तिला काहीच माहीत नव्हतं, कारण उमरग्याची ती गोष्ट बापलेकांनी तिला सांगितलीच नव्हती.

घरी जाताना अप्पांनी सांगितली. एवढी वर्षं तू मागं बसून माझं भजन धरून ठेवलंस आणि मला पत्ता नाही, असं म्हणाले. महानंदा लाजली, मग जरा वेळानं म्हणाली, "तुमची पेटीच लई मोठ्यानं वाजती. त्यात कुणाचं काय ऐकू येणार?"

अप्पा रस्त्यातच थांबले. "मग इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं न्हायस?"

"चांगली वाजवताय की," महानंदा म्हणाली. "आपल्या माणसाला नावं कशाला ठेवायची?"